गळतं एकीकडे, भोक दुसरीकडे : फिरत्या दवाखान्याचं छत

"एवढंच सांगा वानखडे, कंडम करायची की नाही?" गॅरेजचे साहेब खालून विचारत होते. मी गाडीच्या छतावर पालथा पडून डांबरात स्क्रू-ड्रायव्हर खुपसत होतो. वैशाखातलं अकोल्याचं ऊन. पोटाखाली गोणपाट घेतल्याशिवाय पत्र्यावर टेकता येत नव्हतं आणि ह्यांना खालून हो की नाही हवं होतं.

गाडी म्हणजे फिरता दवाखाना. ट्रकच्या चासीवर लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा. आत तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, आणि मुक्काम पडला तर डॉक्टरीणबाईंना निजायला एक फळी. साठ सालानंतरची गोष्ट. मी सरकारी गॅरेजात बॉडी फिटर होतो. इंजिनाचं मला विचारू नका. पत्रा, लाकूड, पत्रे जोडायच्या रिबिटी हे माझं खातं. ही गाडी तेल्हाऱ्याकडच्या गावांना फिरायची आणि दर पावसाळ्यात गळायची. कंडम म्हणजे तिला बाद करून भंगारात काढायचं. साहेबांचंही अगदीच चूक नव्हतं. औषधं भिजत होती.

तेवढ्यात डॉक्टर बोंडे बाई गाडीतून उतरल्या. अमरावतीच्या, राजापेठेतल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण बोलायला लागल्या की समोरचा गप्प बसायचा.

"साहेब, ही गेली तर दुसरी कधी येईल?"

"मागणी करू ना बाई."

"म्हणजे ह्या पावसाळ्यात नाही. तिकडच्या बाया पुरुष डॉक्टरसमोर मरतील, पण पदर बाजूला करणार नाहीत. मी आहे, पडदा आहे, म्हणून ह्या गाडीची पायरी चढतात. मागच्या आषाढात एक बाळंतीण टेबलावर होती. वरून पाण्याची धार बरोबर तिच्या पोटावर. तायडेंनी पडद्याबाहेरून हात आत घालून छत्री धरली. तोंड तिकडं फिरवून, बाळ रडेपर्यंत."

तायडे म्हणजे गाडीचे ड्रायव्हर. ते बाजूला उभे राहून चपलेनं माती उकरत होते. साहेबांनी वाकून आतलं टेबल पाहिलं. मग म्हणाले, "दुरुस्त करा. पाऊस लागायच्या आधी मी स्वतः पाणी मारून बघणार. एक थेंब पडला तरी कंडम."

आता छताचं सांगतो. दोन पत्रे जिथं एकमेकांवर चढतात, तिथं पाणी आत जाऊ नये म्हणून जोडात मसाला भरतात. त्याला आम्ही सीलिंग म्हणायचो. ह्या गाडीचं मूळचं सीलिंग कुठं दिसतच नव्हतं. टेबलाच्या वरच्या जोडावर डांबराचा हा एवढा बांध. थरावर थर.

"काहून टाकलं इतकं?" मी तायडेंना विचारलं.

"गळते म्हून. दरसाली टाकतो. धाब्यावर खारी माती नाई टाकत का आपण, तसंच."

मी कपाळाला हात लावला. पण माणसाला काय बोलणार? आमच्याकडं मातीच्या धाब्याचं, म्हणजे सपाट छपराचं, घर असलं की मृगाच्या आधी वर खारी माती पसरायची, ही पिढ्यांची सवय. तायडेंनी मनापासून तीच गाडीवर चालवली. फक्त घर जागेवर असतं आणि गाडी खड्ड्यांतून हादरते. डांबराला चिरा पडतात, चिरांत पाणी बसतं, आणि वरून नवा थर टाकला की ते आतच राहतं.

सगळं काढायचं ठरवलं. दुपारी डांबर चिकट होऊन हाताला लोंबतं, म्हणून आम्ही उजाडताच चढायचो. तेव्हा ते कडक असतं, ढलप्या निघतात. लोखंडी छिन्नी पत्रा फाडते, म्हणून बाभळीच्या लाकडाची पाचर केली. उरलेलं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलं. तायडे रोज माझ्या आधी हजर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

आणि जोड उघडा पडला तर काय? धडधाकट. रिबिटी पक्क्या, मूळचा मसालाही शाबूत. मी पत्र्यावर उकिडवा बसून राहिलो. माझी तर मतीच गुंग झाली.

बाई वर चढून आल्या, पदर खोचून. पाहिलं आणि म्हणाल्या, "वानखडे भाऊ, पेशंट पोट दाखवतो, पण दुखणं भलतीकडेच असतं. पाण्यात रंग टाकून पाहू."

तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध त्यांनी बादलीभर पाण्यात कालवलं. स्वतः आत जाऊन टेबलावर उताण्या झोपल्या, हातात टॉर्च. मी मागून सुरुवात करून हात हात सरकत पाणी ओतत गेलो. काही नाही. टेबलाच्या बरोबर वर ओतलं, तरी काही नाही. पार पुढं, दवाखान्याच्या नावाची पाटी होती तिथं ओतलं. बराच वेळ गेला. मग आतून शांत आवाज आला, "आलं जांभळं."

पाटी मागाहून छताला बोल्ट मारून बसवली होती. तिच्या बोल्टांखाली मसालाच नव्हता. पाणी तिथून शिरून आतल्या लाकडी पट्टीवरून चालत टेबलापर्यंत यायचं. वर डांबराच्या बांधानं वाट अडवलेली, म्हणून पाटीपाशी तळं साचायचं.

"म्हंजे मीच गळवून राहिलो होतो," तायडे म्हणाले.

"छत्रीबी तुमीच धरली होती," बाई म्हणाल्या. "चला, कामाला लागा."

सफेदा, खडूची पूड आणि उकळलेलं जवसाचं तेल कणकेसारखं तिंबलं. प्रत्येक बोल्ट काढून खाली मसाला दाबला. पुढचे सगळे जोड खरवडून नव्यानं भरले, वर तेलात बुडवलेली मांजरपाटाची पट्टी आणि मग रंग. सफेदा शिशाचा, विषारी. बाई उभ्या राहून आम्हाला साबणानं हात धुवायला लावायच्या, त्याशिवाय चहा नाही. मला तर आईनंही इतकं धुवायला लावलं नव्हतं.

साहेब आले त्या दिवशी मी साध्या पाण्याची बादली भरली. बाई म्हणाल्या, "जांभळंच घ्या." आणि पांढरा कोट घालून टेबलावर जाऊन झोपल्या.

"बाई, कोट जाईल," साहेब म्हणाले.

"कोट जाईल तर गाडीही जाईल. मग कोट ठेवून मी काय करू?"

मी ओतत राहिलो. बादल्यांवर बादल्या. तायडे खाली चाकाला टेकून डोळे मिटून उभे. मग बाई पायऱ्या उतरून आल्या आणि साहेबांपुढं उभ्या राहिल्या. साहेबांनी कोट पुढून पाहिला, मागून पाहिला. म्हणाले, "राहू द्या गाडी."

मी पुढं पुष्कळ डॉक्टर पाहिले. आपल्या अंगावर पैज लावणारी ही एकच.

आषाढ सरता सरता तायडे ब्रेक दाखवायला गॅरेजात आले. मी विचारलं, "छत्री आहे का गाडीत?"

"नाई. पोरीले देऊन टाकली, शाळेत न्यायले."

तेव्हा, गळतं तिथंच भोक असेल असं समजू नका, आणि जुनं खरवडल्याशिवाय नवं लावू नका. बाकी जांभळा रंग हाताचा लवकर जात नाही. दिवाळीपर्यंत माझी नखं तशीच होती.