शेफालिकेचं अंबल

बंगालातल्या कटवा गावात, नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भवतोष सामंतांचं औषधाचं दुकान होतं. होडीतून उतरलेली माणसं आधी तिकडेच वळायची, कारण अर्ध्या गावाला अंबल होतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं, सगळ्याला नाव एकच. भवतोष गिऱ्हाइकाला बोलूच द्यायचे नाहीत. "काल आमंत्रण होतं ना? तळलेल्या लुची-पुऱ्या किती हाणल्या? खोटं बोलू नका, ढेकर सांगतोय." लोक हसायचे, गोळ्या घेऊन जायचे. बहुतेकांना बरंही वाटायचं. त्यामुळे आपल्याला अंबल नुसतं तोंडाकडे बघून कळतं, असं भवतोषना मनापासून वाटू लागलं होतं.

त्यांची बायको शेफालिका मितभाषी. चाळिशीच्या आसपास तिला जेवताना त्रास सुरू झाला. घास छातीत अडकून बसायचा आणि थोड्या वेळानं वर यायचा. आडवी झाली की ठसका लागायचा. तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यांनी रोजची एक गोळी सुरू केली, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या, चहा बंद केला, मोहरीच्या वाटणातली मासळी बंद केली. फरक पडेना, तशी गोळी बदलली. मग तीही बदलली.

"तू चोरून मिरची खातेस," ते म्हणायचे.

"नाही हो. भात उतरत नाही. पाणीसुद्धा थांबतं."

"अंबलात सगळं होतं."

पुतणीच्या लग्नात पंगत बसली होती. शेफालिकेला मध्येच उमासा आला आणि ती पदर तोंडाशी धरून उठली. थोरली जाऊ पानावरूनच आपल्या दिराला, भवतोषना, ओरडून म्हणाली, "ठाकुरपो, गावाला औषधं वाटता, एक पुडी घरीही द्या की!" पंगत खदखदली. भवतोषना लाज वाटली, तो राग त्यांनी बायकोवर काढला. "लहान आहेस का गं? दोन घास नीट गिळता येत नाहीत?" असं म्हणून तेही सगळ्यांबरोबर हसले.

त्यानंतर शेफालिका कुणाच्या आमंत्रणाला गेली नाही. घरातही सगळ्यांचं उरकल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायची. घासामागे पाणी प्यायची, खांदे मागे ताणायची, छातीवर मूठ दाबायची. अशी बरीच वर्षं गेली. कुणी काही विचारलं नाही.

नवद्वीपहून तिची धाकटी बहीण मालविका एकदा राहायला आली. बहिणीच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरताना तिनं पाहिल्या आणि ती भावजींवर भडकली. "जामाईबाबू, तुम्ही तुमचं दुकान सांभाळा. दीदीला मी बर्धमानला नेते."

भवतोषना ते झोंबलं. पण तेही निघाले, आजवर दिलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. "हिला जुनं अंबल आहे," भवतोषनी सुरुवात केली.

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या आणि शेफालिकेकडे वळल्या. "वर येतं ते आंबट, कडू लागतं का?"

"नाही. भात भातासारखाच येतो. कधी सकाळचा संध्याकाळी."

"पाणी?"

"तेही अडकतं. पहिल्यापासून."

आधी दुर्बीण घालून आत गाठ नाही ना ते पाहिलं. मग पांढरं औषध पाजून क्ष-किरणांचे फोटो काढले, अन्ननळीतला दाब मोजला. मग बाईंनी फोटो उजेडात धरला. वर पिशवीसारखी फुगलेली नळी आणि खाली पाखराच्या चोचीसारखं निमुळतं टोक.

"तुम्ही म्हणता त्या आजारात अन्ननळीच्या तळाची झडप सैल पडते आणि आम्ल वर येतं. यांची झडप उघडतच नाही. खाल्लेलं जठरात पोचत नाही, वरच साठून परत येतं. आधी आला असतात तर नळी इतकी ताणली नसती."

परतीच्या गाडीत भवतोष हळूच म्हणाले, "पाण्याचं मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते," शेफालिका खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुम्ही गोळी बदललीत."

कोलकात्याला शस्त्रक्रिया झाली, झडप मोकळी केली. मऊ भात, डाळ, पेज उतरू लागलं. अंगावर थोडं मांस चढलं. भवतोषनी तिचं पान आपल्या पानाशेजारी मांडलं, तर ती म्हणाली, "तुम्ही जेवा. कुणी बघत असलं की माझा घास खाली जात नाही." त्यांनी दोन-तीनदा आग्रह करून पाहिला, मग सोडून दिला.

दुकानात ते आता प्रश्न विचारत. गिळताना अडकतं का? वजन उतरलंय का? लोक वैतागत. "भवतोषदा, गोळी द्यायची तर द्या, चौकशा कसल्या?" म्हणत समोरच्या दुकानात जात. ते जाऊ देत. आजाराचं निदान चुकलं, ते एक वेळ मनाला समजावता आलं असतं. पण त्या पंगतीत आपण हसलो, ते काही केल्या विसरता येत नव्हतं.

थंडीत एका संध्याकाळी शेफालिका म्हणाली, "आता छातीत खरंच जळतंय. आंबट वर येतंय." झडप मोकळी केल्यावर असं होऊ शकतं, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. गोळी कपाटातच होती. भवतोष उठले, कपाटापर्यंत गेले आणि मागे फिरून तिच्यासमोर बसले.

"नीट सांग. कधीपासून होतंय?"

तिनं सांगितलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"उद्या बर्धमानला जाऊ."

"एवढ्यासाठी? घरात गोळी आहे की."

"बाई सांगतील ती घे."

"असं तेव्हा विचारायला हवं होतं," शेफालिका म्हणाली. मग शाल ओढून ती ओसरीवर जाऊन बसली.