आतली खोली नसलेलं घर

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधून गाडी बाहेर काढली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. २००६ सालचा फेब्रुवारी. शेजारी माझा पुतण्या अनिकेत बसला होता. वय एकोणतीस, अमेरिकेच्या पूर्वेकडे अ‍ॅशबर्नला कॉम्प्युटरची नोकरी. आदल्या दिवशी तो विमानाने शिकागोला आला होता, तोही नवेकोरे बूट घालून. आम्ही मुलगी बघायला निघालो होतो.

मुलगी बघण्यात प्रवासवर्णन लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. पण ही मुलगी यर्टमध्ये राहते (मध्य आशियातले मेंढपाळ राहतात तसलं गोल, कापडी भिंतींचं घर). सायली मूळची अकोल्याची. विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला मेपलच्या झाडांवर पीएच.डी. करते आणि गेली दोन वर्षं, बाराही महिने, जंगलातल्या त्या गोल घरात एकटी राहते. तिची आणि अनिकेतची ओळख एका मराठी मेळाव्यात जेवणाच्या रांगेत झाली. सहा महिने फोन चालले. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आधी फेब्रुवारीत दोन दिवस येऊन राहा. मग बोलू."

हे ऐकून नागपूरहून वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही सोबत जा. मुलगी कशी आहे बघा, आणि बरी मुलगी तंबूत का राहते तेही बघा. तुम्ही हो म्हणालात तर आमचं हो." म्हणजे पोराचं लग्न आता माझ्या शब्दावर येऊन थांबलं होतं. आणि मी तर घरातल्या बेसमेंटमध्ये उतरतानाही स्वेटर घालणारा माणूस.

मॅडिसन मागे पडलं, मग गावं विरळ झाली, मग नुसती झाडं आणि बर्फ. रस्त्याची माहिती आम्ही घरूनच छापून आणली होती. शेवटच्या कागदावर 'कच्च्या रस्त्याला लागा' एवढंच होतं. कच्चा रस्ता बर्फाखाली होता. एका पेट्रोल पंपावर चौकशी केली तर काउंटरमागच्या बाईने अनिकेतच्या बुटांकडे पाहिलं.

"यर्टमधल्या मुलीकडे ना?" तिने विचारलं. "ते बूट घालून?"

तिने आम्हाला लोकरीचे मोजे विकले. अनिकेतने दोन जोड घेतले, मी चार.

शेवटच्या अर्ध्या मैलावर गाडी रुतली. फोनला सिग्नल नाही. मी वहिनींना मनातल्या मनात पुष्कळ काही बोललो. तेवढ्यात समोरून लाल टोपीतली एक मुलगी घसरगाडी ओढत आली. "काका, नमस्कार. मी सायली. गाडी इथेच राहू द्या, सगळ्यांच्या इथेच अडकतात." माझी चाकांची सूटकेस तिने घसरगाडीवर आडवी टाकली आणि चालू लागली. अनिकेत दोनदा पडला. दुसऱ्यांदा ती हसली, पण हात दिला.

यर्ट दिसलं तेव्हा मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मी सर्कशीतल्या राहुटीची तयारी ठेवून गेलो होतो. इथे लाकडी चौथऱ्यावर एक नीटनेटकं गोल घर उभं होतं. त्याला चांगलं लाकडी दार, छपरातून निघालेलं धुराडं आणि टोकाला एक पारदर्शक घुमट. जमीन शेजारच्या डोरिसबाईंची. घर त्यांनीच मुलासाठी बांधलं होतं, मुलाने एक हिवाळा काढला आणि तो फ्लोरिडाला पळाला. डोरिसबाईंकडून आलेल्या वायरवर एक दिवा आणि सायलीचा लॅपटॉप चालतो. बाकी सगळं तिच्या दोन हातांवर.

आत गेल्यावर मी कोपरा शोधू लागलो. बॅग टेकवायला, कोट ठेवायला, आपण बसायला माणसाला आधी कोपरा लागतो, हे मला पन्नाशीत कळलं. इथे कोपरा नव्हता. मध्याजवळ लोखंडी शेगडी, तिच्याभोवती पलंग, टेबल, पुस्तकं, डबे, सगळं भिंतीला पाठ लावून बसलेलं. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी आणि त्यावर जाड कापड. वर घुमटातून पांढरा उजेड थेट पानात पडत होता. पानात पिठलं-भात, सोबत अकोल्याहून आलेला ठेचा. बाहेर पाणी गोठत असताना मी घाम पुसत जेवलो.

"छान वाटतं ना? हे आत्ता," सायली म्हणाली. "मे महिन्यात या. पुस्तकांना बुरशी येते. जुलैत डास. ऑक्टोबरात उंदीर आत राहायला येतात, त्यांना माझ्याइतकंच हे घर आवडतं. गेल्या वर्षी खारीने भिंत कुरतडली, मी दाभण घेऊन शिवली." तिने ठिगळ दाखवलं. ठिगळ उत्तम होतं, आणि मी वहिनींसाठी त्याची मनात नोंद केली.

"मग आवडतं काय?" मी विचारलं.

"पाऊस पडला की आधी मला कळतं. घुबड कुठल्या झाडावर आहे ते झोपल्या झोपल्या कळतं. मार्चमध्ये मेपलमधून रस टपकायला लागतो, तो डब्यात पडलेला ऐकू येतो. फ्लॅटमध्ये मला शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू यायचा." हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला की अनिकेतने भातावर पिठलं घ्यायचं सोडून नुसतं पाहत बसावं.

संडास चाळीस पावलांवर होता. त्याबद्दल मी एवढंच लिहीन, की जाताना मी या लग्नाच्या विरुद्ध होतो आणि येताना त्याहून जास्त विरुद्ध होतो. परत आल्यावर सायलीने काही न विचारता आल्याचा चहा हातात दिला, म्हणून मत राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबड झाली. सायली पाणी आणायला डोरिसबाईंकडे गेली होती. अनिकेतला वाटलं, ती येईपर्यंत आपण शेगडी छान पेटवून ठेवू. त्याने सगळ्यात जाड ओंडका निवडला, जो ओला होता. आग भडकू नये म्हणून धुराड्याची झडप बंद केली. दोन मिनिटांत घर धुराने भरलं. मी शाल गुंडाळून, मोजे घालून, थेट बर्फात. माझ्यामागून खोकत अनिकेत. सायली धावत आली, श्वास धरून आत शिरली, झडप उघडली, काठीने वरचा घुमट उचलला, ओंडका चिमट्याने बाहेर फेकला. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. अनिकेत दारात नुसता उभा होता. सहा महिन्यांचे फोन एका ओल्या ओंडक्याने जाळले, असं त्याला वाटत असणार. मलाही तसंच वाटलं.

पोहे खाऊन झाले. निघायला दोन तास उरले होते आणि दोघं मुद्द्याचं काही बोललेच नव्हते. मग वडीलधाऱ्याने जे म्हणायचं असतं ते मी म्हणालो, "तुम्ही दोघं जरा बोलून घ्या. मी आतल्या खोलीत..." आणि थांबलो. आतली खोली नव्हतीच. गच्ची नाही, गॅलरी नाही, स्वयंपाकघर तेच, बैठक तीच. दोघं माझ्याकडे पाहत राहिले. शेवटी मी कोट चढवला, मोज्यांचे चारही जोड चढवले आणि मुलांना बोलता यावं म्हणून उणे दहा फॅरनहाइटमध्ये बाहेर पडलो.

वारा होता, म्हणून लाकडांच्या शेडमध्ये एका ओंडक्यावर बसलो. शेड यर्टला लागूनच. बसल्यावर लक्षात आलं की कापडाच्या भिंतीपलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येतोय. मी उठायला हवं होतं. उठलो नाही. वहिनींनी मला बघायला पाठवलं होतं, तेव्हा ऐकणंही त्यातच येतं, अशी मी मनाची समजूत घातली.

"खरं सांग, कसं वाटलं?" सायलीचा आवाज.

अनिकेत म्हणाला, "भीती वाटली. सकाळी मी पॅनिक झालो. तू सगळं हँडल केलंस, मी नुसता उभा होतो. सायली, मला नाही जमणार इथे कायम राहायला. मला नळ पाहिजे यार. गरम पाण्याचा."

गेलं, मी म्हटलं. संपलं. गाडी उकरायला घ्यावी.

"आधी एक जण येऊन गेला," सायली म्हणाली. "तो म्हणाला, अमेझिंग, मी इथे लाइफटाइम राहीन. परत गेल्यावर फोनच बंद केला त्याने."

"मी फोन बंद नाही करणार. पण खोटंही नाही बोलणार."

तिचा आवाज आला, अगदी हळू, पण त्या भिंतीला हळू वगैरे कळत नाही. "मागच्या मार्चमध्ये मला ताप आला होता. शेगडी विझली, आणि उठून लाकूड घालायची ताकद नव्हती. दिवसभर पांघरुणात कुडकुडत पडले. डोरिस आली म्हणून वाचले. आईला सांगितलं, सगळं मस्त आहे. अजून कुणालाच सांगितलं नाही. सगळ्यांना वाटतं मी शूर आहे. मला हे घर खरंच आवडतं रे, पण सारखं शूर राहायचा कंटाळा येतो."

"मग मी काय करू?"

"ओलं लाकूड कुठलं, कोरडं कुठलं ते शीक. माझी डिग्री होईपर्यंत सुट्टी मिळेल तेव्हा ये. नंतर नळाचं घर बघू." आणि ती हसली. रडत हसली असावी. "पण छपरात खिडकी पाहिजे."

"दोन लावू," अनिकेत म्हणाला, आणि तोही हसला, नाकातून, लहानपणी हसायचा तसा.

माझे डोळे भरून आले. त्या थंडीत हे महागात पडतं, पापण्या चिकटतात. त्या सोडवता सोडवता मला अशी सणसणीत शिंक आली की शेडवरचा बर्फ खाली आला.

"काका!" भिंतीतून सायलीचा आवाज. "अगं बाई, तुम्ही बाहेरच! या, आत या लवकर."

आत गेलो. तिने मला शेगडीजवळ बसवलं, हातात चहा दिला. नाकाचा शेंडा लाल झालेली ती मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "सगळं ऐकलंत ना?"

मी खोटं बोलणार होतो. पण आत्ताच ऐकलेल्या बोलण्यानंतर लाज वाटली. "हो," मी म्हणालो. "तापाचं आईला सांग."

ती मान हलवून हो म्हणाली. अनिकेत तोवर लाकडं आत आणायला गेला होता. प्रत्येक ओंडका तो दारात थांबून तिला दाखवत होता, आणि ती बसल्या जागेवरून "ओलं," "कोरडं," "ओलं" असं सांगत होती.

तिघांनी मिळून गाडी उकरून काढली. परतीच्या वाटेवर अनिकेत इतका बोलला की मी रेडिओ लावायचं विसरलो. त्याला विमानतळावर सोडलं आणि घरी आलो. आमचं घर चार बेडरूमचं आहे. मी खालच्या मजल्यावर टीव्ही बघतो, बायको वर फोनवर असते, आणि जेवायला बोलवायला ती मला मोबाइलवर फोन करते. त्या संध्याकाळी मी खाली गेलोच नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं. धुराचं ऐकून ती हसली. तापाचं ऐकल्यावर तिने, मागच्या हिवाळ्यात मी कामाला गेल्यावर घरात एकटीला कसं वाटायचं, ते सांगितलं. मला माहीतच नव्हतं.

मग नागपूरला फोन लावला. मुलगी मला पसंत आहे, तुम्हीही होकार कळवा, असं सांगितलं. वहिनींचा जीव भांड्यात पडला, पण चौकशी बाकी होतीच.

"घर केवढं आहे हो भाऊजी? खोल्या किती?"

"एकच."

"अगं बाई! मग पाहुणा आला, आणि दोघांना काही बोलायचं असलं तर?"

"पाहुणा बाहेर बसतो, वहिनी. मी बसलो होतो, म्हणून तर लग्न जमलं."