आप्पासाहेबांना ठेवायचं की काढायचं?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या हातून आजवर चुकीची दाढ एकदाही निघालेली नाही. एवढ्यावर विश्वास ठेवा, कारण पुढचं ऐकल्यावर तो ठेवणं जड जाईल.

सदाशिव पेठेत माझा दवाखाना. त्या वर्षी महापालिकेची निवडणूक झाली आणि आमच्या भागातला एक जुना पक्ष असा काही आपटला की विचारू नका! त्याचे शहराध्यक्ष आप्पासाहेब. पराभव झाल्यापासून अख्ख्या पेठेत एकच प्रश्न: हे राहणार की जाणार? दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे तेच बोलत होते. आणि मी? माझं त्या पक्षाशी काही देणंघेणं नव्हतं, पण उत्सुकतेने जीव नुसता कासावीस झालेला!

अशात एका संध्याकाळी गालाला हात लावून दारात उभे कोण? साक्षात आप्पासाहेब. सोबत विश्रांतवाडीचे जगताप, त्यांचे जुने कार्यकर्ते. धिप्पाड माणूस, मिशा भरघोस, पण डोळ्यांत पाणी. दाढ साहेबांची आणि रडवेले हे!

आप्पासाहेबांना खुर्चीत बसवलं. खालची डावी दाढ कामातून गेलेली. सुरुवातीला नको नको म्हणाले, मग कसेबसे तयार झाले. मी इंजेक्शन दिलं. आता सांगा, शहरातला सगळ्यात मोठा प्रश्न ज्याच्या पोटात, तो माणूस माझ्यासमोर तोंड उघडून बसलाय, आणि मला काही विचारता येत नाही! जबडा बधिर व्हायला वेळ लागतो, म्हणून मी बाहेर आले.

जगताप ताडकन उठले. "डॉक्टरबाई, खरं सांगा. ठेवायचं का काढायचं?"

"काढायलाच हवं," मी म्हटलं. "आता ठेवण्यात काही अर्थ नाही."

"एवढं वाईट हाय?"

"वरून कळत नाही हो. आतून पार पोखरलंय. असंच ठेवलं तर बाकीच्यांनाही त्रास."

जगतापांनी आवाज खाली आणला. "साहेब तयार हायेत?"

"आत्ताच हो म्हणाले. मी समजावलं, एकदाच काय ते दुखेल, मग कायमची सुटका."

"मग जागा रिकामीच ठिवायची?"

"छे! फार दिवस नाही ठेवता येत. शेजारचे लगेच तिकडे सरकायला लागतात."

"ते तर लागले की सरकायला! उपाध्यक्ष कालपासून—" असं काहीतरी पुटपुटत ते धाडधाड जिना उतरले. मला वाटलं, औषधाच्या दुकानात गेले असतील.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला कळलं कसं नाही? अहो, दिवसभर दाढाच बघणाऱ्या बाईला कुणी 'काढायचं का' विचारलं तर ती काय पक्षाध्यक्षांचा विचार करणार? मी 'दाढ' हा शब्द एकदासुद्धा उच्चारला नाही. गरजच वाटली नाही!

जगताप गेले ते थेट खालच्या दुकानातल्या फोनपाशी. तेव्हा काही खिशाखिशांत फोन नव्हते. पण बातमीला पाय लागतात म्हणतात ना, इथे तिला स्कूटर मिळाली. दाढेची मुळं होती वाकडी. मी आत घाम गाळतेय, आणि बाहेर जिन्यावर पावलांचा हा आवाज!

दाढ निघाली. मी कापसाचा बोळा दाताखाली धरायला दिला आणि बजावलं, "आता तासभर तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही!"

दार उघडलं तर बाहेर सभाच भरलेली! बाकावर माणसं, जिन्यावर माणसं, माझ्या तुळशीच्या कुंडीला टेकून माणसं. आणि सगळ्यांत पुढे उपाध्यक्ष, हातात शाल आणि नारळ. निरोपाचा सत्कार!

"अहो, काही लाज?" मागून कुणीतरी ओरडलं. "माणूस अजून खुर्चीतून उठला नाही, आणि हे शाल घेऊन हजर!"

एवढ्यात आप्पासाहेब बाहेर आले. अर्धा चेहरा बधिर, ओठ एका बाजूला ओघळलेला, डोळ्यांतून पाण्याची धार. जगतापांना हुंदकाच फुटला. "साहेब, राजीनामा देऊ नका! निवडणुका काय, परत येत्यात!"

कालपर्यंत आप्पासाहेबांच्या लांबलचक भाषणांनी आपण हरलो म्हणणारी हीच माणसं. पण न बोलणारे आप्पासाहेब त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले होते. सगळी गहिवरली.

आप्पासाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "म्म्... मी—"

"अजिबात नाही!" मी ओरडले. "सांगितलंय ना!"

त्यांनी वैतागून दोन्ही हात हलवले.

"नाही म्हणाले!" जगताप गरजले. "साहेब राहणार!"

जयजयकाराने माझ्या काचा हादरल्या. उपाध्यक्षांनी वारं ओळखलं, पुढे झाले आणि शाल आप्पासाहेबांच्याच खांद्यावर घातली. "आम्ही अभिनंदनासाठीच आणली होती!" दुसऱ्या दिवशी पक्षाच्या बैठकीत एकमताने ठराव: अध्यक्ष तेच.

आठवड्याने आप्पासाहेब टाके काढायला आले. तोपर्यंत जगतापांनी मला सगळा घोटाळा सांगितला होता. मी टाके काढले आणि हात जोडून माफी मागितली. पण उत्सुकता कुठली गप्प बसते? विचारलंच, "पण आप्पासाहेब, तुमच्या मनात नक्की काय होतं?"

ते खिन्न हसले. "बाई, मी त्या दिवशी राजीनामाच द्यायला निघालो होतो. वाटेत दाढ ठणकली म्हणून तुमच्याकडे वळलो. बाहेर सगळे आयतेच जमलेले पाहिले, म्हटलं इथेच जाहीर करून मोकळं व्हावं. तुम्ही बोलू दिलं नाहीत. आता लोकांनी एवढ्या प्रेमानं ठेवलंय, सोडू कसा?"

घरी येऊन मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे त्या पक्षातून एकच गोष्ट काढायची होती, आणि तू दाढ काढलीस."