भायर

"मगे भायर जा मां गो."

वहिनी विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता बोलली. आवाज चढवला नाही, रागावलीही नाही. आमटीत मीठ घाल म्हणावं, तसं सांगितलं.

मी तिची कामवाली, तिच्या मागीलदारी उभी. हातांना अ‍ॅसिडचा वास. तिच्या घरातला संडास-बाथरूम घासून, धुऊन, फरशी कोरडी करून नुकतीच बाहेर आले होते. विचारलं इतकंच, की वहिनी, माका जरा जावचा आसा, हयच जावन येव काय? सकाळपासून धरून ठेवलं होतं. ओटीपोट दगडासारखं झालं होतं. तरी विचारताना मीच लाजले, जणू तिच्याकडे सोनं मागत होते.

भायर म्हणजे बाहेर. पण मालवणीत हा शब्द तेवढ्यावर थांबत नाही. परसाकडे जाणं म्हणजे भायर जाणं. पाळीत बाजूला बसणं म्हणजे भायर बसणं. आणि आमची बौद्धवाडी, तीसुद्धा गावाच्या भायर. जन्मले तेव्हापासून या एका शब्दात राहत आले आहे मी.

पण माझ्या आईला निदान भायर होतं तरी. झुडपं होती, माडांची बाग होती, सुरूचं बन होतं. आता तारकर्लीत भायर उरलंय कुठे? ज्याच्या त्याच्या जागेला चिऱ्याचं कुंपण. कुंपणाच्या आत पाहुण्यांच्या खोल्या, बाहेर पाहुण्यांच्या गाड्या. मे महिना होता. सुरूच्या बनात बघितलं, तर मुंबई-पुण्याची माणसं मोबाइल उंच धरून फोटो काढत होती. विहिरीमागे गेले, तर वहिनीचे सासरे खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मी परत आले. बाथरूमच्या मागच्या दाराला आतून कडी. थाप मारली. म्हटलं, वहिनी, उघडा हो, राहवत नाही.

आतून आवाज आला, "आताच धुतलंस मां ता."

दार उघडलं नाही. आणि तिथेच, त्या पायरीवर, माझं झालं. पायांवरून गरम धार गेली. साडी भिजली. उभ्या बाईचं अंगणात, भर दिवसा. खोलीबाहेर एक पाहुणी केस वाळवत उभी होती. तिने बघितलं आणि आपल्या पोरीला हाताला धरून आत नेलं. मला त्या घडीला मरण आलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

वहिनी खिडकीत आली. पायरीकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही.

"पाणी वत थंय. पावण्यांका वास येतलो."

मी पाणी ओतलं. फिनेल टाकलं. ज्या खराट्याने तिचा संडास धुतला होता, त्याच खराट्याने माझी लाज धुतली आणि ओल्या साडीने चालत घरी आले. वाटेत दोन रिक्षा थांबल्या. मी बसले नाही. कुणाची सीट भिजवायची?

ते बाथरूम कसं आहे ते सांगते. त्याला दोन दारं. एक घरात उघडतं, एक मागीलदारी. मागचं दार माझ्यासाठी. घर नवं बांधलं तेव्हा गवंड्याला सांगून मुद्दाम ठेवलं, म्हणजे कामवालीने घरातून चालायला नको. मी साफ करत असताना घरातलं दार वहिनी पलीकडून बंद करते. काम झालं की मी हाक मारायची आणि मागून निघायचं. मग ती दार उघडून येते, आधी बादलीभर पाणी ओतते, मग मागच्या दाराला कडी घालते. आत्ताच धुतलेली फरशी पुन्हा धुते. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्या कामात काही राहत असेल. मी अजून जोर लावून घासायचे. आमच्याकडचं विहिरीचं पाणी खारं. नळांवर पांढरी पुटं चढतात, कड्या-बिजागऱ्या तांबतात. मी घरून बिंबलीची आंबट फळं न्यायचे, कापून गंजावर चोळायचे. घरातल्या दाराची आतली कडी तर अशी चकचकीत ठेवली होती, की तोंड दिसावं. मला कितीतरी उशिरा कळलं, की ती जे धुते ते माझं काम नाही. मला धुते.

आणि पाहुणे? ते कोण, कुठले, कोणत्या जातीचे, कुणी विचारत नसे. खोल्यांतला नळ बिघडला की त्यांना खुशाल घरातलं बाथरूम उघडून मिळायचं. दारू पिऊन ओकलेला माणूसही त्यात जाऊन आला. निस्तरलं मी.

लोक विचारतील, आत एकटीच असायचीस, गुपचूप का नाही गेलीस? मनात आलं होतं. हजारदा आलं. आपलीच मोरी नि अंघोळीची चोरी म्हणतात. माझी तर मोरीही नव्हती. पण चोरून गेले असते, तर ती चोरीच झाली असती. मला चोरी नको होती. म्हणून मी दुसरा उपाय केला. पाणीच सोडलं. सकाळी घरून निघताना चहाचा घोट, की मग संध्याकाळी घरी येईपर्यंत थेंब नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. आमच्यातल्या सगळ्या कामवाल्या बायका हेच करतात. कुणी कुणाला शिकवत नाही.

त्या दिवसानंतर ताप भरला. लघवीला आग, कंबरेत कळा. नवरा चिरेखाणीवरची हजेरी बुडवून मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या चांगल्या होत्या, तपासलं नीट. मग पुस्तकी मराठीत समजावू लागल्या.

"पाणी भरपूर प्या. धरून ठेवू नका. आणि संडास-बाथरूम स्वच्छ ठेवत चला. तुम्हा बायकांना स्वच्छतेचं महत्त्वच कळत नाही."

मी मान डोलावली. माझ्या बोटांची सालं अ‍ॅसिडने गेलेली, ती पदराखाली घेतली. आणि घरी येताना एसटीत, खिडकीशी, मला रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं कळा आल्या. कळा नव्हत्या. राग होता. एवढा राग माझ्यात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. तिची घाण काढून माझे हात सडले, तिचं घर स्वच्छ राहावं म्हणून माझं पोट सडलं, आणि स्वच्छता शिकायची ती मी?

अंगात थोडा जीव आला तसा वहिनीचा निरोप आला. पावणे येतले, लवकर ये. कशी आहेस, एवढंही नाही. मी उठले. तांब्याभर पाणी प्याले. मग अजून अर्धा. पोट तुडुंब झालं, चालताना डुचमळत होतं. मी ठरवून प्याले होते.

मागच्या दाराने आत गेले. वहिनीने पलीकडून दार बंद केलं. मी नेहमीसारखं काम केलं. जरा जास्तच मन लावून केलं, खोटं का बोलू. नळ पुसले, आरसा पुसला, भांडं घासलं. मग मागचं दार लावून घेतलं. आणि घरातल्या दाराची ती कडी, जी मी इतकी वर्षं घासली आणि एकदाही सरकवली नव्हती, ती आतून लावली. बसले. बाहेर ऐकू जाईल म्हणून नळ सोडून आवाज झाकला नाही.

माझी हाक गेली नाही, तसं पलीकडून दार ढकललं गेलं. पुन्हा ढकललं गेलं.

"गो, कडी कित्याक लावलंस?"

मी साडी सारखी केली. पाणी ओतलं. हात साबणाने धुतले, तिच्याच साबणाने.

"वहिनी, मी भितर आसंय. तुमी वायच भायर थांबा."

ती थांबली. तिच्या घरात, तिच्या बाथरूमच्या भायर, ती माझ्यासाठी उभी होती.

मग मी दार उघडलं आणि मागून नाही, घरातून निघाले. ती भिंतीला पाठ लावून आक्रसली. पदर आवरून घेतला. स्वयंपाकघरावरून, ओटीवरून, पुढच्या अंगणातल्या खळ्यातून चालत मी बाहेर पडले. बोलली ती नंतर, गावभर.

त्या आवाटात, वहिनीच्या वाडीभर, मला आता कुणी बोलवत नाही. "माजलीहा" म्हणतात. नवरा एवढंच म्हणाला, "काय मेळला तुका?" चूल पेटवताना डब्यातले तांदूळ कमी दिसतात, तेव्हा माझंही काळीज हलतं. वाईट वाटतं, भीती वाटते. रात्री वाटतं, जाऊन पाय धरावेत.

पण सकाळी नाही जात. मालवणात घरोघर काम विचारत हिंडते. दार उघडलं की पहिलं तेच सांगते. "जो संडास मी धुतलंय, तो मी वापरतलंय. पटता तर सांगा." बहुतेक दारं तिथेच बंद होतात. होऊ देत. एक-दोन उघडी राहिली आहेत.

निघण्याआधी मी तांब्याभर पाणी पिते. शेवटच्या थेंबापर्यंत पिते. आणि भायर मी जाणार नाही.