चिमणाबाईची काळी पाटी

सुरगाण्याकडच्या त्या पाड्यावर २००२ च्या दिवाळीत सौरदिवे आले आणि त्यांची काळी पाटी बसली चिमणाबाईच्या छपरावर. का, तर छप्पर बुटकं, उतार दक्षिणेला आणि वर झाडाची सावली नाही. पाटीनं दिवसभर ऊन घ्यायचं, बॅटरी भरायची आणि संध्याकाळी घरोघरी एकेक दिवा लावायचा. मग राखणदार कोण? चिमणाबाईच! म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं. नातवंडांची नाकं कधी पुसली नसतील, इतक्या मायेनं ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पाटी पुसायची. कोंबडी वर चढली तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

हिवाळाभर दिवे लख्ख लागले. आणि ऐन वैशाखात, डोकं फुटेल अशा उन्हात, मिणमिणायला लागले! शेजारचा बुधा पहिल्यापासून टपलेलाच होता. त्याला पाटी स्वतःच्या घरावर हवी होती. "काकीला जमत नाय. बैठक घेऊ आन पाटी माझ्याकडं द्या," असं तो घरोघर सांगत सुटला. अख्ख्या जन्मात चारचौघांनी चिमणाबाईवर सोपवलेलं हे एकच काम होतं.

बैठकीच्या दिवशी दुपारी नाशिकजवळच्या सातपूरच्या एका वर्कशॉपमधून सुनील दुरुस्तीला आला. तरणा, बोलघेवडा पोरगा. त्यानं खाली बॅटरी तपासली, वायरी तपासल्या. सगळं ठीक. तो घाम पुसत बसला, तेव्हा चिमणाबाईनं नागलीचा पापड भाजून पुढं केला.

"खा भाऊ. त्या पाटीवरच वाळवलेत. सबंध पाड्यात तेवढी स्वच्छ जागा नाय. मी रोज पुसते ना!"

सुनीलचा घास तोंडातच राहिला. "मावशी, पाटीवर?"

"मग! उतार झ्याक, चटका झ्याक."

सुनीलनं कपाळाला हात लावला, पोटभर हसला आणि मग समजावायला बसला. "वायरीतलं तांबं म्हणजे आपलं अंगण, मावशी. त्यात काही इलेक्ट्रॉन कायम मोकळे फिरतात, म्हणून वीज वाहते. पाटीतल्या सिलिकॉनचं तसं नाही. तिथं प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन थराथरानं बसलेले आणि सगळ्यात बाहेरचे शेजारच्या अणूंशी अडकलेले. पाहुण्यांनी भरलेलं घर समजा. खाली सगळे दाटीवाटीनं झोपलेत, कूस बदलायला जागा नाही. वर माळा रिकामा, पण शिडी नाही. ऊन येतं आणि एखाद्याला उचलून माळ्यावर टाकतं. तो वर मोकळा फिरतो, खाली त्याच्या जागेत शेजारी सरकतो. या हालचालीचीच वीज होते."

"आन मी ऊनच झाकलं," चिमणाबाई हळूच म्हणाली.

"पाटीतले हे चौकोनी कप्पे साखळीनं जोडलेत. एक झाकला तरी सगळी रांग अडते."

चिमणाबाईचं तोंड एवढंसं झालं. सुनीलला वाईट वाटलं. "बैठकीत मी सांगतो, वायर सैल झाली होती म्हणून."

"नाय भाऊ. खोटं बोलून राखण नाय करायची मला."

संध्याकाळी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "वायर झ्याक हाय, बॅटरी झ्याक हाय. उजेड माझ्या पापडांनी खाल्ला. चूक माझी. पाटी बुधाला द्या." आणि भाजलेल्या पापडांची टोपली तिनं मधोमध ठेवली. "हे पण खाऊन टाका."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खी बैठक हसली. बुधा मात्र मान खाली घालून पापड चावत राहिला. "पाटी राहू द्या काकीकडं," तो शेवटी म्हणाला. "माझ्या घरात येवढं कोण पुसणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणाबाई फडकं घेऊन बाहेर आली, तर बुधा तिच्या अंगणात बांबूचा मांडव बांधत होता. उतार हुबेहूब पाटीसारखा.

"पापड हिथं टाक, काकी," तो म्हणाला. "आन मला पण देत जा."

चिमणाबाईनं आधी पाटी पुसली आणि मग त्याच फडक्यानं बुधाचा मांडवही पुसून काढला.