धुरपता आणि गुलाबाची जागा

"झाड मुकं असते बापा, जागा बोलते."

धुरपता हे इतक्या वेळा म्हणायची, की केळझरच्या बाया तिला लांबून पाहूनच म्हणत, "आली वो जागेसंगं बोलणारी!" ती हसायची. बोरच्या जंगलाकडे गोंडांच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, तिचं घर. वीस वर्षं तिनं रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, उरलेले दिवस लोकांच्या शेतात निंदण-खुरपण केलं. पुंडलिकरावांच्या वांग्या-टमाटराच्या वाडीतही ती कितीतरी हंगाम राबली. पण तिला काही विचारावं असं त्यांना कधी सुचलं नाही. चाळीस वर्षं भाजीपाला पिकवलेला माणूस मजुरीच्या बाईला जागा कशाला विचारेल?

आता मात्र गोष्ट त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या गुलाबाची होती.

उभ्या संसारात शालूबाईंनी नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मागितला तो एक गुलाब. गावठी नव्हे, कलमी. उंच दांड्यावर एकच मोठं फूल धरणारा. नर्सरीवाले त्याला हायब्रीड टी म्हणतात. पहिला पुंडलिकरावांनी कुंपणाजवळच्या काळ्या मातीत लावला. "माह्या काळीत दगड पेरला तरी उगवते," म्हणाले. श्रावणात त्याच्या मुळ्या कुजल्या. दुसरा न्हाणीच्या पाण्याच्या तोंडाशी लावला. आपल्याकडे सगळेच लावतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून. साबणानं नि सोड्यानं तो पिवळा पडला, मग वाळला. हा तिसरा. शालूबाईंनी वर्ध्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. पिशवी ओट्यावर ठेवून त्या एवढंच बोलल्या, "हा गेला तं मी पुन्हा गुलाबाचं नाव नाई घेत."

रागानं म्हणाल्या असत्या तर पुंडलिकरावांनी उलट उत्तर दिलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ते स्वतः टोल्यावर धुरपताला बोलवायला गेले.

दसरा नुकताच होऊन गेला होता. धुरपता तांबडं फुटायच्या आतच अंगणात हजर झाली.

"कुठं लावू ते सांग, खड्डा मी करतो," पुंडलिकराव म्हणाले.

"मले आताच का माहीत, भाऊ? दिवसभर बसू द्या."

"दिवसभर? एका रोपट्यासाठी?"

"तुमी वैनीले पाहायले गेलते, तं उभ्या उभ्याच आलते का?"

शालूबाई पदराआड हसल्या. "उभ्या उभ्याच आलते माय. पोहेबी नाई खाल्ले."

धुरपतानं तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले आणि प्रत्येकात बादलीभर पाणी ओतलं. कुंपणाजवळच्या काळ्या मातीतलं पाणी तसंच उभं राहिलं, जशी म्हैस डबक्यात बसून राहते. कडुनिंबाखालचं पाणी मुरलं, पण खड्ड्यात बोटाएवढ्या जाड मुळ्या दिसत होत्या. "हा म्हातारा आपल्या ताटातलं कोणाले देत नाई," धुरपता म्हणाली. तिसरा खड्डा घराच्या पूर्वेच्या भिंतीपासून दोन हात सोडून, पुंडलिकरावांच्या खाटेच्या पायथ्याशी होता. तिथलं पाणी तिनं तंबाखू मळेस्तोवर जमिनीनं पिऊन टाकलं.

मग तिनं आंघोळीच्या चुलीतली राख मागून घेतली. सावली जसजशी सरकत गेली, तशी ती राखेची रेघ ओढत गेली. एक घराच्या सावलीची, एक निंबाच्या. मधल्या वेळात मुकाट बसून राहायची. पुंडलिकराव दोनदा वाडीत जाऊन आले, तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. दुपारी अंगणभर करड्या रेघा झाल्या. घर बांधल्यापासून ज्या अंगणात ते अकरा वर्षं वावरले, त्यात ऊन असं चालतं हे त्यांनी आज पाहिलं.

तरी त्यांचा ताठा पुरता गेला नव्हता. "हे झालं आजचं. वैशाखातलं ऊन तुले कसं समजन?"

धुरपता उठली आणि तिनं घराला फेरी घातली. पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला. तिथला निळा रंग पार उडून पांढरा पडला होता, पोपडे सुटले होते. मग ती पूर्वेच्या भिंतीशी आली. इथं रंग फिका होता, पण धरून होता.

"तिकडं उन्हाळा बसते, भाऊ. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत. तिथं गुलाब नाई, निखारा होईन. इथं तो सकाळी येऊन जाते फक्त. तुमच्या भिंतीनं समदं लिहून ठेवलं हाये."

पुंडलिकराव भिंतीकडे पाहत राहिले. अकरा वर्षं याच भिंतीला पाठ टेकून त्यांनी चहा प्यायला होता.

"पण हा तं मुरूम हाये. पाया खोदला तवाचा टाकलेला. मुरमात गुलाब?"

"मुरूम पायाले, शेणखत पोटाले. पाय कोरडे राह्यले पायजे."

"आन माही खाट?"

त्या खाटेवर सकाळी चार माणसं येऊन बसत, भाव बोलत, पुंडलिकरावांना विचारून बी घेत. गावात त्यांची जी काही गादी होती ती हीच. शालूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या पिशवीतल्या रोपाच्या पानावरची धूळ पुसत होत्या.

पुंडलिकरावांनी वाकून खाटेचं एक टोक उचललं. "वो, पकडा इकून," ते बायकोला म्हणाले. खाट निंबाखाली गेली.

पौषात पहिलं फूल उमललं. दाट लाल, सकाळच्या उन्हात आतून दिवा लावल्यासारखं. माणसं चहाला यायची ती खाटेवर बसायच्या आधी तिथं उभी राहायची, आणि बोलायची ती हळू आवाजात.

चण्याच्या शेतात कामाला जाताना धुरपता डोकावली. फुलाकडे तिनं ओझरतं पाहिलं. खाली बसून बोटानं माती दाबली, कलमाच्या डोळ्याखालून फुटलेला एक कोंब मोडून टाकला. "हे जंगली. वरच्याचं जेवण खाते," म्हणाली आणि उठली.

शालूबाईंनी कात्रीनं फूल दांड्यासकट कापलं.

"अवो, पहिलं फूल टेकडीवरच्या गणपतीले ना?" पुंडलिकराव दचकून म्हणाले.

"दुसरी कळी हाये. दोन दिवस थांबन तो."

त्यांनी फूल धुरपताच्या अंबाड्यात खोचलं. धुरपता लाजली, "येडी झाली का वैनी, चणे निंदायले चालली मी," असं म्हणाली, पण फूल काढलं नाही. खुरपं कमरेला खोचून ती शेताकडच्या पांदणीनं निघाली. शालूबाई कात्री हातात घेऊन फाटकाशी उभ्या होत्या, त्यांच्या मागे पुंडलिकराव. चहा तसाच निवत होता. धुक्यात आधी तिचं लुगडं विरलं, मग पाठ. तो लाल ठिपका मात्र बराच वेळ दिसत राहिला.