आमचा रडका अल्बम

त्या अल्बमबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी ते आहे, आणि इतक्या वर्षांत तसूभरही हललेलं नाही. माझ्या मते तो एका बुडत जाणाऱ्या माणसाचा अल्बम आहे. पहिल्या गाण्यात तो गुडघाभर पाण्यात असतो आणि शेवटच्या गाण्यात त्याचं नुसतं डोकं वर उरलेलं असतं. ज्यांना इंग्रजी रॉकमधलं कळतं ते हे ऐकून मला वेड्यात काढतात. अहो बाई, ते म्हणतात, तो तर नाचायचा अल्बम! असेल. आमच्या घरी त्यावर कधी कुणी नाचलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्नानंतर आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. मी शाळेत शिकवायचे आणि नवरा फोर्टातल्या एका कंपनीत कारकून होता. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण लिहितानाही अहो-जाहो करत बसले तर माझं मलाच हसू येईल, म्हणून इथे तो 'तो'च राहू दे.

त्याला कान होता. म्हणजे काय, ते त्याच्याबरोबर संसार केल्याशिवाय कळायचं नाही. कुकरची शिट्टी कोणत्या सुरात वाजली हे तो सांगायचा. सकाळी भाजीवाल्याची हाक आली की दाढी करता करता म्हणायचा, "आज उतरलाय थोडा. घसा बसला वाटतं." भजीतल्या ओव्यापासून शेजाऱ्यांच्या डोअरबेलपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं आणि ते ऐकून घेणं ही माझी ड्युटी होती. मी वैतागायचे. पण खरं सांगायचं तर मी भाळले होते ती ह्याच गोष्टीवर.

गिटारचं वेड त्याला ऑफिसातल्या एका मित्राने लावलं. हा मित्र उत्तनचा, ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा. चर्चमध्ये आणि लग्नांमध्ये गिटार वाजवायचा. त्याचा मामा जहाजावर कामाला होता. एका सुट्टीत मामा तो अल्बम घेऊन आला. ऑफिसातल्या जुन्या लोकांकडून ह्या दोघांनी त्याचं नाव इतकं ऐकलं होतं की कॅसेट हातात आली तेव्हा नवरा ती नुसती उलटसुलट करून बघत राहिला. मामा दुसऱ्याच दिवशी परत निघणार होता आणि कॅसेटही त्याच्याबरोबर जाणार होती. म्हणून त्या रविवारी संध्याकाळी आम्ही उत्तनला मित्राच्या घरी गेलो, आमचा टू-इन-वन आणि एक कोरी कॅसेट घेऊन.

त्या खोलीत प्लग एकच होता. त्यात मामाचा डेक लावला. आमच्या टू-इन-वनमध्ये नवे कोरे सेल घातले. दोन्ही मशिनं वायरने जोडली. इकडे मूळ कॅसेट वाजत होती आणि तिकडे आमच्या कोऱ्या कॅसेटवर उतरत होती. मामा नातेवाइकांचा निरोप घ्यायला गेला होता. मी मित्राच्या आईबरोबर सुके बोंबील निवडत बसले होते. टीव्हीवर रविवारचा सिनेमा सुरू झाला तशी आजूबाजूच्या घराघरातून एकच आवाज यायला लागला आणि आमच्या डोक्यावरचा बल्ब पिवळा होत होत विटकरी झाला. मला हातातला बोंबीलसुद्धा धड दिसेना. ते दोघं मात्र मान खाली घालून ऐकत होते. कॅसेट संपल्यावर माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले होते.

पुढची दोन-अडीच वर्षं आमच्या घरात ती कॅसेट रोज वाजली. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "भाभी, कल फिर वो रोनेवाला कैसेट लगाया था?" त्यांचंही मत पक्कं होतं. त्या गायकाच्या घरी कुणीतरी वारलं असणार. मित्राला वाटायचं, गाणारा दारू सोडायचा प्रयत्न करतोय आणि ते त्याला जमत नाहीये. आणि माझ्या नवऱ्याला त्यात असं काही सापडलं होतं जे आम्हा तिघांनाही ऐकू आलं नव्हतं.

"अगं, लक्ष दे," तो मला धरून बसवायचा. "प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा किंचित खाली आहे. अर्धा सूरही नाही, त्याच्याहून कमी. मला दर गाण्याला तारा सैल कराव्या लागतात. लयसुद्धा मंद होत जाते. हा माणूस मुद्दाम बुडतोय. असं गायला केवढी हिंमत लागत असेल!"

मला तो फरक कळायचा नाही. पण तो म्हणतोय म्हणजे असणार. मग मलाही तो माणूस बुडताना ऐकू यायला लागला. इंग्रजी शब्द निम्मे डोक्यावरून जायचे, पण एखाद्या दिवशी शाळेतून दमून आल्यावर ती दुसरी बाजू ऐकली की वाटायचं, चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे.

एक दिवस मित्र बातमी घेऊन आला. लग्नांमध्ये वाजवता वाजवता त्याची एका बँडशी ओळख झाली होती. तो बँड मुंबईत एका हॉटेलात रोज वाजवायचा आणि त्यांना दुसरा गिटारवाला हवा होता. "वहिनी, ह्याला जाऊ दे," तो मला म्हणाला. "ह्याचा हात आता माज्यापेक्षा चांगला हाय." आम्ही दोघं गच्चीत जाऊन बोललो आणि ठरवलं. काम मिळालं तर नवऱ्याने नोकरी सोडायची. माझा पगार होता. कारकुनी करून तो आधीच कोमेजत चालला होता आणि हे मला दिसत होतं. त्याने ऐकवायला त्या अल्बमचं शेवटचं गाणं निवडलं. कित्येक महिने रोज संध्याकाळी तेच. इतकं सुंदर वाजवायचा की खालच्या बाई कधी नव्हे ते दार उघडं ठेवून ऐकायच्या.

बँडने बोलावलं त्या दिवशी मीही बरोबर गेले. एका हॉलच्या मागची खोली होती, बँडचे चौघं बसलेले. माणसं वाईट नव्हती. मला खुर्ची दिली, चहा मागवला. कोणतं गाणं, असं विचारलं. नवऱ्याने नाव सांगितल्यावर त्यांचा म्होरक्या खूश झाला. "अरे वा! उस पे तो पब्लिक कुर्सी छोड़ के नाचती है." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्या गाण्यावर नाचणार कोण आणि कसं, हे आम्हा दोघांनाही कळेना.

त्याने वाजवायला सुरुवात केली. ड्रमवाल्याने साथ धरली, दोन-चार ठोके दिले आणि थांबला. "भाई, नींद आ गई क्या?" सगळे हसले. म्होरक्याने आपली गिटार छेडली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "और ये ट्यूनिंग क्या है? इतना नीचे?"

"रेकॉर्ड में ऐसा ही है," नवरा म्हणाला. ठामपणे म्हणाला. त्याच्या त्या ठामपणाची आठवण आजही मला सहन होत नाही.

त्यांनी वाद घातला नाही. रेकॉर्ड काढली आणि लावली.

गाणारा माणूस तोच होता, पण तो बुडत वगैरे काही नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत असल्यासारखा गात होता. गिटार टणाटण उड्या मारत होती. माझा नवरा उभा राहून सगळं ऐकत होता. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, ही पूर्ण बाजू लावता का? त्यांनी तीही लावली. सगळी गाणी एकाच सुराच्या पातळीवर, एकाच जोमात. कुठे काही उतरत नव्हतं. निघताना म्होरक्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाथ अच्छा है तुम्हारा, सच्ची. बस कान चेक कराओ."

गमतीत म्हणाला तो. पण मला आजही त्या माणसाचा संताप येतो, आणि त्या ड्रमवाल्याचा तर जास्तच.

पुढच्या रविवारी मित्र पापलेट घेऊन घरी आला, तेव्हा मी त्याला झाला प्रकार सांगितला. असं झालं कसं, ह्यावर आम्ही डोकं खाजवत होतो. बोलता बोलता उत्तनच्या त्या संध्याकाळचा विषय निघाला. मी म्हटलं, तुमचा बल्ब कसला मेला होता हो त्या दिवशी, बोंबीलसुद्धा दिसत नव्हते. एवढं बोलले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामाचा डेक विजेवर होता. सिनेमा लागला, घराघरात टीव्ही चालू झाले, व्होल्टेज उतरत गेलं आणि डेक हळू हळू होत गेला. आमचा टू-इन-वन मात्र नव्या सेलवर ठणठणीत चालत होता, त्यामुळे जे मंद होत गेलं ते त्याने इमानदारीत तसंच टिपून घेतलं.

मित्र हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "म्हंजे आपुन लायटीचं गाणं आयकत व्हतो? अरे, तो बाप्या रडत न्हाय, आपली लाईट रडते हाय!"

मलाही हसू आलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, बघा, तुमचा कान अगदी बरोबर होता! व्होल्टेज जसं जसं पडलं तसं तसं तुम्ही ओळखलंत. दुसऱ्या कुणाला तरी ऐकू आलं होतं का ते?"

"ऐकू आलं," तो म्हणाला. "बिघाड आहे हे नाही कळलं. मला वाटलं, कला आहे."

मी उठून पापलेटं धुवायला गेले.

त्याने गिटार कपाटावर ठेवली. मला वाटलं, महिनाभर रुसेल. पण तो रुसला नव्हता, आणि मग मला खरी भीती वाटायला लागली. कुकर शिट्ट्या देत राहिला आणि तो पेपर वाचत राहिला. आमटीत मीठ ठीक आहे का विचारलं तर म्हणायचा, "तू बघ ना." सोसायटीला कोणता रंग द्यायचा ह्यावर मीटिंगमध्ये हाणामारीची वेळ आली, तरी हा गप्प. ज्या माणसाच्या मतांनी मी जेरीस आले होते, त्याच्याकडे आता एकही मत उरलं नव्हतं. मी भांडले, रडले, एकदा मुद्दाम आमटी खारट केली. तो मुकाट्याने जेवला.

मित्राची आई वारली, तेव्हा आम्ही भेटायला गेलो तर मित्र घरात बसून त्या अल्बमचं शेवटचं गाणं वाजवत होता, आमच्या कॅसेटसारखं, संथ, खालच्या सुरात. त्याचं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही आहे, की खरं गाणं हेच, ते गोऱ्यांनी घाईत उरकलं. वाजवून झाल्यावर त्याने नवऱ्याला विचारलं, "बरोबर लागलं का रं?" नवरा म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं."

नव्वदचं दशक संपता संपता आमच्या घरात सीडी प्लेअर आला. कॅसेट तोवर बुरशी लागून गेली होती. मी तो अल्बम शोधून आणला, आणि नवरा चिडावा म्हणूनच आणला. त्याने उठून तो बंद करावा, खिडकीतून फेकावा, काहीही करावं. रविवारी संध्याकाळी त्याला समोर बसवून मी सीडी लावली. व्होल्टेज एव्हाना चांगलं येत होतं. गाणी उड्या मारत एकामागून एक गेली. त्याने पेपर बाजूला ठेवून सगळी नीट ऐकली, पाहुण्यांकडचा चहा प्यावा तशी.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"तुला कसा वाटला?"

माझं डोकं फिरलं. एकच उपाय उरला होता. मी म्हटलं, "मला फार आवडला. आपल्या त्या रडक्या कॅसेटपेक्षा शंभर पटीने चांगला आहे."

मी वाट बघत राहिले. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

"हो ना," तो म्हणाला. "छानच आहे."